थंड रांजणातल्या दोन धामणी

कुणाच्या आजोबांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, डोंगराखाली एक गाव होतं. तिथे उंदरांपासून धान्य राखायला लोक घरात धामणी पाळत.

गावातल्या एका घरी दोन भाऊ आणि मोठ्याची बायको राहत. मोठ्याने बांधावरून धामणीची दोन पिल्लं आणली होती. एकीला तो थोरली म्हणे, दुसरीला धाकटी. दोघी एकाच रांजणात वाढल्या.

एके वर्षी तापाने मोठा भाऊ गेला.

धाकटा भाऊ संतापी होता. दुःख कुठे ठेवावं हे त्याला कळेना. त्याने ओसरीवर वेगळी चूल मांडली. वहिनी मागच्या खोलीत एकटीच बसून असे. तिने चूल पेटवणं सोडलं होतं. शेजारणीने दिलेली भाकर ती कशीबशी खाई.

थंडी पडली, तसं धाकट्याने आपलं बोचकं बांधलं.

"निघालात, भावजी?"

"दादा होता तोवर हे घर होतं. आता कोण कुणाचं?"

वहिनीने रांजणाकडे बोट केलं. "त्या दोघी बघा, कशा एकमेकींना धरून आहेत."

"थंडी वाजते म्हणून! ऊब दिली तर ओळखसुद्धा दाखवणार नाहीत."

"मग देऊन बघा ऊब. तुमचं खरं ठरलं, तर बोचक्याला वरून एक गाठ मी मारून देईन."

धाकटा इरेला पेटला. थोरली कात टाकायला आली होती. तिच्या डोळ्यांवर पांढुरकी झाक चढली होती. तिला धड दिसत नव्हतं, ती हलतही नव्हती. तिला त्याने मागच्या खोलीतल्या थंड रांजणात ठेवलं. धाकटीला आपल्या चुलीजवळच्या रांजणात, उबदार पेंढ्यावर सोडलं. दोन्ही रांजणांची तोंडं उघडी ठेवली.

सकाळी चुलीजवळचा रांजण रिकामा होता.

धाकट्याने पेंढा उपसून पाहिला. "गेली! हीसुद्धा गेली!" तो ओरडत मागच्या खोलीत धावला.

वहिनी थंड रांजणापाशी बसली होती. तिने नुसतं आत बघायची खूण केली.

आत थोरली होती. तिच्या अंगावर वेटोळं घालून, तिच्या पाठीवर मान टाकून धाकटी पडली होती.

धाकटा बघतच राहिला. मग त्याने खोलीभर नजर फिरवली. चुलीतली राख केव्हाची गार पडलेली. कोपऱ्यात दादाची काठी. अंगाभोवती पदर गच्च ओढून बसलेली वहिनी.

तो ओसरीवर गेला. आपल्या चुलीतले निखारे खापरावर घेऊन परत आला आणि वहिनीच्या चुलीत घालून फुंकू लागला. खोलीभर धूर झाला.

"फुंकताय की शिव्या देताय, भावजी?" वहिनी खोकत म्हणाली.

"दादालाच जमायचं हे."

"त्यांनाही जमत नव्हतं. मीच पेटवायची. सरका."

तिने चूल पेटवली. धाकट्याने बोचकं सोडलं आणि त्यातलं घोंगडं तिच्या खांद्यावर टाकलं.

पुढे थोरलीने कात टाकली. दोघी धामणी पुन्हा धान्याच्या खोलीत सळसळू लागल्या. त्या घरात दादाची आठवण रोज निघे, पण चूल एकच पेटे, आणि दोघं तिच्यापाशी बसून जेवत.

बोध: ऊब असेल तिथे कुणीही जातं, आपलं माणूस ते, जे गारठलेल्याजवळ जाऊन बसतं.