अक्काचा दोरा

हे कापडाचं ठाण असं उजेडाला धरा. डावीकडून चार बोटं सोडून एक बारीक पांढरी रेघ वरपासून खालपर्यंत गेलेली दिसेल. तिथला उभा दोराच नाही. बेलहाळच्या कोष्टी पेठेत नव्या मागावरचं पहिलं ठाण असंच उतरतं. बाहेरचे व्यापारी नाक मुरडतात, माल डागी आहे म्हणतात. मी चाळीस वर्षं या पेठेत माग जोडले आणि दुरुस्त केले. तो डाग नव्हे. ती चंद्राक्काची जागा आहे.

माझ्या पणजोबांच्याही आधीची गोष्ट. तेव्हा इथे घरोघरी हातमाग होते. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा फेकायचा. पायांशिवाय विणकर नाही. भैरू वरुटे नावाच्या विणकराचे दोन्ही पाय विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेले. वर्षभर तो रिकाम्या खड्ड्याकडे बघत बसून होता, असं सांगतात. मग कुठून तरी त्याला कळलं, की मुंबईकडे लोखंडी माग निघाले आहेत आणि ते इंजिनावर चालतात, पाय लागत नाहीत. बैलगाडीतून तसा एक माग आला आणि पेठेला धास्ती बसली. तो एक माग दहा घरांचं काम करणार होता. भीती खोटी नव्हती, हे पुढे आम्ही पाहिलंच.

चौंडेश्वरीच्या देवळात पेठ जमली. भैरूच्या मागावर दोऱ्याला जो गाठ मारेल, त्याने पुन्हा जन्मात दोऱ्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. शपथेसाठी देवीच्या भंडाऱ्यावर पहिला हात ठेवला तो चंद्राक्काने. ती भैरूची सख्खी थोरली बहीण. नवरा गेलेला, स्वतःच्या मागावर पोट भरणारी, आणि गाठ मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची गाठ खसखशीएवढी असे म्हणे.

आता गंमत अशी, की लोखंडी माग विणतो भराभर, पण गाठ काही त्याला मारता येत नाही. भैरूने आपल्या हातमागाची फणी, म्हणजे उभे दोरे जिच्यातून ओवलेले असतात ती, जुन्या दोऱ्यांसकट नव्या मागावर चढवली. नव्या ताण्याचा एकेक उभा दोरा तिच्यातल्या एकेका दोऱ्याला जोडायचा, असे सोळाशे. तो बसल्या बसल्या गाठी मारी. इंजिन सुरू झालं, की त्याच्या जाड गाठी फणीत अडकून दोरे तटातट तुटत. पुन्हा पहिल्यापासून. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी नागपंचमी होती. भावाला जेवायला बोलवायला म्हणून चंद्राक्का गेली. भैरूच्या बोटांना चिरा पडलेल्या होत्या. मान वर न करता तो म्हणाला, "अक्का, पाय गेलं माझं. हात हाईत तवर कोष्टी म्हणून जगू दे."

चंद्राक्का पदर खोचून मागापाशी बसली. अडीच दिवसांत तिने सोळाशे गाठी मारल्या. माग चालला, एकही दोरा तुटला नाही. तिने हात धुतले, घरी जाऊन आपल्या मागाची फणी काढली आणि शेजारणीला देऊन टाकली. पुढे लोकांची दळणं दळून तिने दिवस काढले, पण लुगडं फाटलं तरी सुईत दोरा ओवला नाही. हे सांगणं माझ्या आजाला जड जाई. मलाही अजून जड जातं.

वर्षं गेली. ज्यांनी शपथ घेतली, त्यांच्याच घरांत एकेक करून लोखंडी माग आले. मग पेठेला लाज वाटली. पंचांनी एका नव्या मागावर सगळे दोरे जोडले, एक तेवढा मोकळा ठेवला, आणि म्हातारीला हाताला धरून आणलं. बंदी उठली, आता ही गाठ तुम्ही मारा म्हणाले.

चंद्राक्काने तो दोरा बराच वेळ पाहिला म्हणे. हात पदराखालीच ठेवला.

"बंदी तुमची असंल, शपथ माझी हाय," ती म्हणाली. "ती तुम्ही कशी सोडवणार? ऱ्हाऊ दे दोरा तसाच. एका दोऱ्यासाठी माग अडवू नगा."

माग सुरू झाला आणि त्या ठाणात पहिल्यांदा ही रेघ उतरली.

परवा एका कारखान्यात परदेशी माग बसवला. गाठी मारायलाही आता यंत्र आहे. कंपनीचा इंजिनियर अक्कासाठी सुटा ठेवलेला दोरा पुन्हा पुन्हा जोडत होता आणि मी पुन्हा पुन्हा सोडवत होतो. शेवटी त्याने हात टेकले. आजही नवा माग चालवण्याआधी मालक दाराकडे तोंड करून म्हणतो, "अक्का, तुमची गाठ राहिली." मग घटकाभर थांबतो. दारात कुणी आलेलं नाही हे नीट बघतो आणि मगच बटण दाबतो.