जलपर्णीचा सत्कार

प्राणी अजून सभा भरवत असत, त्या काळची गोष्ट. एका तळ्यात गावाचं सांडपाणी येऊ लागलं आणि मासे श्वासासाठी वर तोंड काढू लागले. तेव्हा म्हाताऱ्या कासवाने ओढ्यातून जलपर्णीचं रोप आणून तळ्यात सोडलं. ती पाण्यावर पसरली, मुळांनी घाण शोषत गेली आणि पाणी निवळलं.

बेडकांनी तिचा सत्कार ठेवला. सरपंच बेडूक म्हणाला, "जलपर्णीबाई, काय हवं ते मागा."

"मला उपटून काठावर टाका," जलपर्णी म्हणाली. "तळ्यातली घाण आता माझ्या अंगात आहे. कोवळी रोपं तेवढी राहू द्या."

सभेला गहिवरून आलं. एवढा विनय कुणी पाहिला नव्हता. बाईंना कुणीही हात लावायचा नाही, असा ठराव झाला. कासवाने उपटायला म्हैस बोलावली होती, तिला चहा न देताच परत पाठवलं.

जलपर्णी वाढत राहिली, दाटीत पिवळी पडली, कुजली आणि तळाशी गेली. घेतलेली सगळी घाण तिने परत केली.

बेडकांनी शोकसभा घेतली. सगळ्यांनी श्वास रोखून श्रद्धांजली वाहिली. माशांना वेगळं सांगावं लागलं नाही.