आबासाहेबांची मोटार आणि दुकानातलं सगळ्यांत मोठं मशीन

“दुकानातलं सगळ्यांत मोठं वेल्डिंग मशीन आण! बोटभर लहान निघालं तर मोटार भंगारात आणि तू घरी!”

आबासाहेब इनामदारांनी हे ओसरीवरून त्यांच्या ड्रायव्हरला, भानुदासला, सांगितलं आणि सगळ्या आळीनं ऐकलं. मी काही मुद्दाम ऐकत नव्हते. आमच्या दोन घरांमधली भिंत बुटकी आहे आणि माझी लसूण सोलायची जागा नेमकी तिथेच आहे.

झालं होतं असं. आमच्या कोरवडीत दसऱ्याला देवीची पालखी सोनं लुटायला शिवेवर जाते, आणि पालखीच्या पुढे आबासाहेबांची जुनी मोटार. यंदा तिच्या दारांना खालून असा गंज लागला, की आत बसलेल्याला पायाशी रस्ता दिसायचा. मोटार बाहेरगावी धाडायची नाही, लोक हसतील, हा आबासाहेबांचा हट्ट. भानुदास पूर्वी बसच्या बॉड्या बांधायच्या कामावर होता. तेव्हा त्यानंच अंगणात दारं जोडायची, असं ठरलं.

आदल्याच दिवशी तालुक्याहून एक मशीन भाड्यानं आलं होतं. चार माणसांनी ते टेम्पोतून उतरवलं. भानुदासनं दाराला रॉड टेकवला मात्र, अख्ख्या आळीतली वीज गेली. माझी उडदाची डाळ मिक्सरमध्ये अर्धवट वाटलेली तशीच राहिली. आणि दाराला जिथे करंगळीएवढं भोक होतं, तिथून आता मांजर आरपार गेलं. खरंच गेलं. आमचंच होतं.

“मालक, हा पत्रा पातळ आहे,” भानुदास म्हणाला. “लहान मशीन घेऊ. घरच्या प्लगवर चालतं, गॅसचं नळकांडं लागत नाही, रॉडऐवजी तार असते, ती आपोआप पुढे सरकते. ठिपका ठिपका देत जोडतो.”

“लहान? इनामदाराच्या अंगणात? अरे, कालचं मशीन पुरेसं मोठं नव्हतं, म्हणून तर भोक पडलं!”

भानुदासनं दारातल्या भोकाकडे बघितलं. मीही बघितलं.

“नीट ऐक,” आबासाहेब म्हणाले. “मशीन दुकानातलं सगळ्यांत मोठं. पण वीज जायला नको, पत्र्याला भोक नको, आणि मोटारीच्या चार टायरांना पडतील त्याहून एक पैसा जास्त मिळणार नाही. दसऱ्याआधी मोटार उभी राहिली नाही, तर मला मोटारही नको आणि ड्रायव्हरही नको!”

भानुदास पायरीवर डोकं धरून बसला. त्याची बायको शेवंता आबासाहेबांकडेच स्वयंपाकाला. ती दारात आली तशी मी भिंतीवरून विचारलं, “शेवंता, आता गं?”

“आता मालकांची जेवायची वेळ झाली, काकू,” ती म्हणाली आणि परसात गेली. तिथून तिनं लग्नकार्यातली मोठी भट्टी ओढत आणली. पन्नास माणसांचा भात शिजतो, ती. भट्टी भडभडा पेटवून तिनं चिमट्यानं तिच्यावर एक फुलका धरला.

ताट आबासाहेबांच्या पुढे गेलं.

“हे काय?”

“फुलका, मालक.”

“मधोमध भोक आहे!”

“भट्टी लहान पडली असेल. उद्या मंगल कार्यालयातनं याहून मोठी मागवते.”

आबासाहेबांनी फुलका उचलला आणि भोकातून बराच वेळ शेवंताकडे बघितलं.

“कळलं मला,” ते शेवटी म्हणाले. “पण चारचौघांत शब्द गेलाय. दुकानातलं सगळ्यांत मोठं म्हणजे सगळ्यांत मोठं. इनामदाराचा शब्द फिरत नाही!”

“नका की फिरवू. दुकान तेवढं आम्ही निवडू?”

“खुशाल निवडा! कोल्हापूरला जा नाहीतर मुंबईला जा!”

घट बसले. दोघं ना कोल्हापूरला गेली ना मुंबईला. मग एका सकाळी भानुदास सायकलच्या कॅरिअरला काहीतरी पोत्यात बांधून घेऊन आला. दिवसभर अंगणातून चर्र, चर्र आवाज येत होता, मध्येच थांबत होता. पत्रा तापून वाकू नये म्हणून तो एक ठिपका इथे, तर दुसरा वीतभर लांब देत होता. मी वाट बघितली. बल्ब लुकलुकला नाही. मग मी डाळ वाटून घेतली.

संध्याकाळी आबासाहेब खाली उतरले. दारावर टकटक केलं. जोडावरून नख फिरवलं, ते कुठे अडकलं नाही. वाकून भोक शोधलं, ते सापडलं नाही. सापडलं ते मशीन. मोटारीच्या चाकामागे बसलं होतं, शाळेच्या दप्तराएवढं.

“भानुदास! हे?”

भानुदास चपलांकडे बघू लागला. शेवंता पदराला हात पुसत पुढे आली.

“दुकानातलं सगळ्यांत मोठं, मालक. तीन टायरांच्या पैशांत बसलं. चौथ्याच्या पैशांत तोंडावरची काच आणि हातमोजे आले.”

“हे सगळ्यांत मोठं?”

“देवीची शपथ. त्या दुकानात याच्याहून मोठं एकही नव्हतं.”

“कुठलं दुकान?”

“स्टँडसमोरचं. मिक्सर दुरुस्तीचं.”

मी लसूण खाली ठेवला.

“मिक्सरच्या दुकानात वेल्डिंगची मशीनं असतात?”

“नसतात. मीच दुकानदाराला एक मागवायला लावलं. तेच तिथलं सगळ्यांत मोठं आणि तेच सगळ्यांत लहान. तुमचा शब्द होता, म्हणून मी मोठं बघून उचललं!”

आबासाहेबांच्या मिशा आधी थरथरल्या, मग पोट. एवढे हसले, एवढे हसले, की तोल जाऊन मोटारीच्या दारावर रेलले. दार हललं नाही.

“भानुदास,” ते डोळे पुसत म्हणाले, “मशीन तुझं! गोठा रिकामा पडलाय, तोही तुझा. बाहेरच्या मोटारी आण, जोड, कमव. पण दसऱ्याला माझी मोटार तूच चालवायचीस, आणि पुढच्या सीटवर ही शेवंता बसेल. मी मागे बसतो!”