कुंपणाबाहेरची धूळ

“मग मी जिंकले की नाही? एवढंच सांगा, मदर.”

मदर झिपोरा अंगणातल्या मोठ्या कढईखाली लाकडं सारत होती. चर्चमधली वडीलधारी म्हणून सगळी काळी वस्ती तिला मदर म्हणायची. कढईत गोऱ्यांचे कपडे उकळत होते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या त्या गावात सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस, मग आभाळ का कोसळेना!

ओडेसा सोळा वर्षांची. नाकावर राग आणि पायांत वारा. तिला धावायला शिकवलं ते या म्हातारीनंच. शिकवलं म्हणजे काय, तर दोन भरलेल्या बादल्या हातात द्यायच्या आणि विहिरीपासून घरापर्यंत पळवायचं. थेंब सांडला की पुन्हा विहीर! तीन वर्षं पोरीनं हे केलं. आता जिल्ह्यात आपल्यापुढे कुणी नाही, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली होती.

आणि खोटं नव्हतं हो ते.

पण शनिवारची शर्यत गोऱ्या मुलींची. काळ्यांनी तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून बघायचं. बार उडाला, तशी ओडेसा बाहेरच्या कच्च्या रस्त्यानं कुंपणाच्या कडेकडेनं पळत सुटली. आतल्या मुली काळी राख अंथरलेल्या धावपट्टीवर, ही बाहेर लाल मातीत. जीव तोडून धावली आणि सगळ्यांच्या आधी शेवटच्या खांबापाशी पोचली.

टाळ्या पडल्या, त्या आत पहिल्या आलेल्या डॉक्टरांच्या मुलीला.

“एकानंसुद्धा मान वळवली नाही, मदर...” हातातले कॅनव्हासचे बूट तिनं पुढे केले. “हे जाळून टाका. उद्यापासून मी आईबरोबर कापसाच्या शेतात जाते.”

“घाल की,” मदर म्हणाली. “जाळ कमीच पडलाय.”

पोरीचा हात जागच्या जागी थांबला. म्हातारी नको म्हणेल, समजूत घालेल, असं वाटलं होतं तिला.

मदरनं डॉक्टरांच्या घरचं गाठोडं सोडलं. त्यातून एक पांढरी जर्सी निघाली. पहिल्या नंबरची निळी फीत अजून तिला टाचलेली होती.

ओडेसानं फीत ओळखली. “ही तर तिचीच!”

मदरनं फीत सोडवून खिडकीत नीट ठेवली. मग जर्सी पोरीपुढे उलगडून धरली.

पाठीवर काळ्या राखेचे शिंतोडे होते. आणि छातीवर... गळ्यापासून खालपर्यंत लाल माती.

“पट्टीवर लाल माती आहे?”

“नाही. सगळी राखच.”

“वारा कुठून होता?”

“नदीकडून. म्हणजे... बाहेरून आत.”

“आणि दुसऱ्याची धूळ छातीवर कुणाच्या बसते?”

मागून धावणाऱ्याच्या! हे काय ओडेसाला सांगायला हवं?

“मदर, ही धुवू नका! देवाशपथ धुवू नका. मी पाद्रीबाबांना दाखवते, पेपरवाल्यांना दाखवते...”

“दाखव. डॉक्टरांच्या पोरीची जर्सी तुझ्या हातात बघू दे त्यांना. मग तुझ्या आईनं तुला नदीत शोधायचं की झाडावर, तेही सांगून जा.”

मदरनं जर्सी कढईत सोडली आणि काठीनं खाली दाबली. पाणी क्षणभर लालसर झालं. मग नुसतंच मळकट.

पोर ढसाढसा रडली. तिच्या जिंकण्याची अख्ख्या जगात तेवढीच एक खूण होती, आणि ती तिच्या गुरूनंच धुऊन टाकली होती.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं. “अशी लाल जर्सी याआधी कधी आली होती तुमच्याकडे?”

“एकदा.”

“कुणाची माती होती?”

मदर कपडा पिळत राहिली.

“तुझ्या आईची.”

आई? ती कमरेत वाकलेली, अंगणातसुद्धा कधी चार पावलं न पळालेली आई?

“आई धावायची...? मग? पुढं काय झालं?”

जर्सी दोरीवर गेली. पांढरीशुभ्र. बूट अजून पोरीच्या हातातच होते.

“पुढच्या वर्षीही शर्यत झाली,” मदर म्हणाली. “मी वाट बघत होते. सोमवारी गाठोडं सोडलं... जर्सीवर नुसती राख. लाल मातीचा कणसुद्धा नाही.”