पंचविसावी जागा

"मग काल हौसाबाईला माझ्या मागावर तुम्हीच पाठवलं होतं?" हेरंबने विचारलं.

"व्हय," धाकलूबाबा म्हणाले आणि चुलीत फुंकर घालू लागले.

"कशाला?"

"धुकं व्हतं."

हेरंबला हे उत्तर पटलं नाही. तेरा दिवसांत त्याला कुणाचंच उत्तर पटलं नव्हतं.

डोंगरमाथ्यावरच्या त्या शहराची माहितीपुस्तिका लिहायला तो आला होता. साधीसुधी नव्हे, आतल्या माणसाने सांगावी तशी. कुणालाही ठाऊक नसलेल्या पंचवीस जागा देतो, असा त्याने प्रकाशकाला शब्द दिला होता. चोवीस मिळाल्या होत्या. पंचविसावी नसेल तर पुस्तक नाही, असं प्रकाशकाने स्पष्ट कळवलं होतं, आणि उद्या सकाळी परतीची गाडी होती.

धाकलूबाबा शहराबाहेर, कड्याजवळच्या देवळात राहत. इथल्या सगळ्या वाटा त्यांच्या पायाखालच्या, असं लोक म्हणत. म्हणून हेरंबने त्यांना गुरू केलं होतं. रोज सकाळी तो त्यांच्या पाया पडे आणि दिवसभर ते पाय कुठे जातात यावर डोळा ठेवी. असल्या शिष्यापेक्षा मांजर पाळलेलं बरं.

"गावात सगळे माझ्यावर पाळत ठेवतात," हेरंब म्हणाला. "वाट विचारली की वळणापर्यंत सोबत येतात. पुढे गेलो की मागून हाका मारतात. तुम्हाला तुमच्या जागा लपवायच्या आहेत, एवढं मला कळतं."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"हाक आली की ओ द्यायची," बाबा म्हणाले. "धुक्यात आमच्यात वैऱ्यालाबी देत्यात."

"ऐकलंय मी ते."

"काल दिलीस?"

हेरंबने चोवीस जागांची वही काखेत घट्ट धरली.

काल दुपारी तो देवळामागच्या घळीत उतरला आणि धुकं दाटलं. स्टँडजवळ कणसं भाजणारी हौसाबाई वरून हाका मारत होती. "होऽऽ... पावनं, कुठं हायसा?" आपली नवी जागा हिला कळेल म्हणून तो करवंदीच्या जाळीआड श्वास रोखून बसला. हाका जवळ आल्या, पुढे गेल्या. मग दगड घरंगळल्याचा आवाज झाला आणि हौसाबाई कळवळली. माणसं येऊन तिला उचलून नेईपर्यंत तो जाळीतून हलला नाही.

"पाय मोडला तिचा," बाबा म्हणाले.

"ती शोधतेय की पाळत ठेवतेय, मला काय माहीत..."

बाबांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि काठी घेतली.

"चल. पंचविसावी जागा दावतो."

हेरंबला आनंद झाला, आणि लगेच शंकाही आली. हा म्हातारा इतक्या सहज कसा तयार झाला? तरी तो निघाला.

कड्याच्या अंगाने ते थोडं चालले असतील. खालून धुकं चढलं. दहा पावलांवर चालणारी बाबांची पाठ आधी पुसट झाली, मग दिसेनाशी झाली.

"बाबा?"

...

"बाबा, थांबा."

...

फसवलं, हेरंबच्या मनात आलं. जागा दाखवायची नव्हती म्हणून इथे आणून सोडलं. रागाने त्याने पाऊल टाकलं. पायाखालचा दगड सुटला आणि खाली गेला. तो कुठे आपटल्याचा आवाज आलाच नाही.

हेरंब मटकन खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी गवत धरलं. वही काखेतून निसटली, चोवीस जागांसकट, आणि तिच्यामागे हात न्यायचं धाडस त्याला झालं नाही.

"बाबा... कुणी आहे का? अहो, कुणीतरी बोला... मी हरवलोय..."

तो बराच वेळ हाका मारत राहिला. चाळिशीचा माणूस, पण घाबरून रडला.

वारा फिरला आणि धुकं जरा विरळ झालं. समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, धाकलूबाबा बसले होते. त्यांच्या पाठीमागे कडा होता. काठी त्यांनी दोघांच्या मध्ये आडवी धरली होती.

"तुम्ही... इथंच होतात?"

"इथंच."

"मी इतक्या हाका मारल्या. ओ का दिली नाहीत?"

बाबा उठले. काठीचं एक टोक त्यांनी हेरंबच्या हातात दिलं आणि शहराच्या दिशेने तोंड केलं.

"कालच्या हाकंला आधी तू दे. हौसाबाई घरीच हाय."