घुबडाची दवंडी

शेंदूरगडच्या राजेसाहेबांना आपल्या प्राणिसंग्रहालयातले वाघ-सिंह फार आवडत. घुबड आणि म्हातारं तरस मात्र त्यांना डोळ्यांसमोर नको असत. आत्यासाहेबांचा जीव नेमका त्याच दोघांवर.

एकदा राजेसाहेब भरदुपारी उठले, जांभया देत पिंजऱ्यांपाशी आले आणि म्हणाले, "या दोघांना हद्दपार करा!"

आत्यासाहेबांच्या मनात आलं, पिंजऱ्यात म्हातारी झालेली जनावरं रानात जगणार कशी? तरी त्या शांतपणे म्हणाल्या, "आपला रिवाज आहे, बाळराजे. हद्दपारीचं कारण दवंडी पिटून सांगावं लागतं. काय सांगायचं?"

"सांगा, घुबड दिवसभर झोपतं आणि तरस दुसऱ्याच्या शिकारीवर पोट भरतं."

"म्हणजे दवंडीवाला ओरडणार, 'ऐका हो ऐका! दिवसा झोपणाऱ्याला आणि दुसऱ्याच्या कष्टावर खाणाऱ्याला आज हद्दपार करणार!' सारं गाव बघायला जमेल."

"जमू दे की पिंजऱ्यापाशी!"

"पिंजऱ्यापाशी कशाला? राजवाड्याच्या दारापाशी."

राजेसाहेबांची जांभई अर्ध्यावरच राहिली. मग ते खो खो हसत सुटले. "राहू द्या, आत्यासाहेब, दोघांनाही राहू द्या!"

दुसऱ्या दिवशी राजेसाहेब सूर्योदयालाच उठून तिथे हजर झाले. घुबड मात्र खुशाल झोपलं होतं.