वारा न लागलेला रस

राजे गजधीरांनी पेरूचा लचका तोडला आणि ओरडले. पेरूवर रक्त! हिरड्या पुन्हा वाहू लागल्या होत्या.

"त्या उकंड्याला धरून आणा!"

उकंडा राजाचा रसवाला. हिरड्यांसाठी रोज संत्र्याचा रस घ्या, असे वैद्य धुंडिराजपंतांनी सांगितले होते. पण राजाला रस हवा गोड आणि काचेसारखा नितळ. म्हणून उकंडा पहाटे संत्री पिळायचा, फडक्यातून तीनदा गाळायचा, साखर घालून तांब्याच्या टोपात उकळायचा आणि दरबार उठेपर्यंत गार करत ठेवायचा. हुकूमच तसा होता!

पंतांनी टोप हुंगला. "यात आता नुसती साखर उरली, सरकार. संत्र्याचा गुण फार लाजरा. वारा लागला, पळाला. विस्तव दिसला, मेला. आणि चोथ्याचं बळ? ते फडक्यानं खाल्लं!"

चूक राजाची. पण राजाला सांगणार कोण?

"कैदेत टाका याला!" राजा गरजला. "उद्या दरबारात मला असा रस हवा, ज्याला वारा लागला नाही, विस्तव दिसला नाही, फडकं शिवलं नाही, जो कुठल्या भांड्यात गेला नाही आणि ज्याला रसवाल्याचा हात लागला नाही! नाही मिळाला, तर हा जन्मभर आत!"

उकंड्याची थोरली बहीण कौतिका संत्र्यांच्या मळ्यात तोडणीला जायची. आई गेल्यावर तिनेच त्याला पाठीशी बांधून वाढवला होता. शिपायाकडून सगळे ऐकले, तेव्हा तिला रडूच कोसळणार होते. पण तेवढ्यात तिचे लक्ष आपल्या मातीने भरलेल्या हातांकडे गेले. ती ताडकन उठली आणि घट्ट सालीचे एक जड संत्रे तिने निवडून तोडले.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली.

"रस कुठाय?" राजाने विचारले.

"आणलाय, सरकार. वाटेत सांडू नये म्हणून बंद करून आणलाय!"

तिने संत्रे फरशीवर ठेवले आणि तळहाताखाली हळूहळू लोळवले. साल फाटली नाही, पण आतल्या फोडी फुटत गेल्या. फळ पखालीसारखे लिबलिबीत झाले. मग तिने देठ खुडला, तिथे काडीने भोक पाडले आणि संत्रे राजापुढे धरले.

"तोंड लावा आणि दाबा, सरकार. तोडणीला हात मातीचे असतात, सोलणार कोण? आम्ही असंच पितो."

राजाने दाबले. तोंडभर रस! मिशा ओल्या झाल्या. पण हट्ट जाईना.

"तुझा हात लागला की!"

"सालीला लागला. वाड्याच्या भिंतीला हात लावला म्हणून राणीसाहेबांचं दर्शन होतं का, सरकार?"

पडद्यामागे राणीसाहेब खुदकन हसल्या.

"आणि साल म्हणजे भांडंच ना?"

"रस त्यात गेलाय कुठे? तो तिथंच जन्मला! बाळ आईच्या पोटात बाहेरून जातं का?"

"वारा?"

"तुमचे ओठ आणि संत्रं, मधे वाऱ्याला वाट ठेवलीत का तुम्ही?"

राजा पुढे झुकला. आता पकडलीच, असे त्याला वाटले. "बरं! पण पिळल्याशिवाय रस निघत नाही. हा रस पिळला कोणी? जो पिळतो तो रसवाला, आणि रसवाल्याचा हात लागायचा नव्हता!"

"पिळला सरकारांनीच!" कौतिका म्हणाली. "म्हणजे आजचे रसवाले तुम्ही. आता हात लागला असं म्हणायचं असेल, तर उकंड्याला सोडा आणि रसवाल्याला कैदेत टाका!"

पंतांनी डोळे मिटले.

आणि राजा असा खदखदून हसला, की रस नाकात गेला! ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले, तरी हसू थांबेना.

"काढा रे उकंड्याच्या बेड्या! मला काही कैदेत जायचं नाही!" त्याने हातातले सोन्याचे कडे काढून कौतिकाच्या हातात घातले. "आणि तोडणीला जातेस ना, तो मळा आजपासून तुम्हा बहीणभावांचा. फक्त एक कर, बाई. आणखी एक संत्रं लोळवून दे!"